साडू, मेहुणे आणि उद्योगचरित्रांतील कोरा रकाना

मराठी ग्रंथालयांत कथा, कादंबरी, संतवाङ्मय यांच्या शेजारी गेल्या काही दशकांत आणखी एक फळी भरत आली आहे. ती उद्योजकांच्या चरित्रांची व आत्मकथनांची. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हा शेरा खोडून काढण्याच्या ईर्ष्येने यांतील पुष्कळशी पुस्तके लिहिली गेली, आणि ती ईर्ष्या समजण्यासारखी आहे. परदेशी गेलेल्या मराठी उद्योजकांच्या कथांनी अलीकडे या फळीत भर घातली. या पुस्तकांची भाषा किंवा त्यांतील आकड्यांचा खरेपणा यांविषयी येथे लिहावयाचे नाही. एक माणूस धंद्यासाठी दुसऱ्या माणसापर्यंत कसा पोचतो, ज्याला हल्ली ‘नेटवर्किंग’ म्हणतात ते या पुस्तकांत कसे सांगितले जाते, एवढाच आमचा विषय. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस कागदावरचे रकाने पाहण्याची खोड आहे. आणि या पुस्तकांत एक रकाना जवळजवळ नेहमीच कोरा राहतो, असे आमचे मत झाले आहे.

नेटवर्किंग हा शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच. आपल्या भाषेत तिच्यासाठी शब्दांची वाण नाही. ओळखपाळख, भीड, वशिला, पत, कुणाकडे शब्द टाकणे, कुणाच्या शब्दाला वजन असणे. हे सारे पुरुषांच्या चावडीवरचे शब्द. पण धंद्याला प्रत्यक्षात उपयोगी पडतात त्या नात्यांचे शब्द पाहा : मेहुणा, साडू, भाचा, जावई, व्याही. यांतला कोणताही शब्द उच्चारला की दोन पुरुषांच्या मधे एक स्त्री उभी असते. बहिणीवाचून भाचा नाही, मुलीवाचून जावई नाही, आणि साडू हा शब्द तर दोन बहिणींवाचून उभाच राहत नाही. चुलता आणि पुतण्या एवढेच काय ते तिच्यावाचून भागवतात. आणि भाऊबंदकी हा शब्द नेमका त्यांच्याच वाट्याला यावा, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. भाषेला जे ठाऊक आहे ते चरित्रकाराला ठाऊक नसावे, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्या भागातून फार दूर नसलेले एक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील माणसे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करून देण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. केरळापासून उत्तरेकडच्या शहरांपर्यंत सराफ कट्ट्यांच्या गल्ल्यांत हे गलाई व्यावसायिक भेटतात. या धंद्याचा सारा भार विश्वासावर. दुसऱ्याचे सोने तुमच्या मुशीत पडलेले असते, आणि त्यातून किती निघाले हे सांगणारे तुम्हीच असता. म्हणून हाताखालचा पोरगा गावाकडचा लागतो. बहिणीचा मुलगा, बायकोचा धाकटा भाऊ. तो शिकतो, विश्वासाला उतरतो, मग दुसऱ्या शहरात त्याला दुकान घालून दिले जाते. अशी एका दुकानाची दहा दुकाने होतात. हा विस्तार सांगताना गावाचे, जिद्दीचे, दुष्काळाचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कोणत्या शहरात दुसरे दुकान निघणार याचा नकाशा पुष्कळदा सोयरिकीने आखलेला असतो, आणि सोयरीक जुळवणारी माणसे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली नसतात.

आता चरित्रांकडे वळू. बेळगाव जिल्ह्यातील माणसाने उद्योगचरित्रांविषयी लिहावयाचे तर किर्लोस्करांपासूनच सुरुवात करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलेचे शिक्षण, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी, तेथे हक्काची बढती डावलली गेल्यावर राजीनामा, १८८८ साली बेळगावात निघालेले सायकलींचे दुकान, बंधू रामूअण्णांची साथ, कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, नगरपालिकेने जागा सोडावयास लावणे, आणि अखेर १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. शं. वा. किर्लोस्करांच्या ‘यांत्रिकाची यात्रा’मुळे ही कथा मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली आहे.

या कथेतील ‘नेटवर्किंग’चा क्षण कोणता? औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची ओळख. देवीच्या मंदिराच्या मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे आले, दोघेही चित्रकलेचे भोक्ते, त्यातून स्नेह जडला. आणि बेळगावची जागा सुटल्यावर त्याच स्नेहापोटी बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा आणि बिनव्याजी कर्ज दिले. चरित्रलेखनाच्या दृष्टीने हा प्रसंग नमुनेदार आहे. भेट कशी झाली, कोणत्या कामाने झाली, विश्वास कशामुळे बसला, विश्वासाचे भांडवलात रूपांतर कसे झाले, हे सारे टप्प्याटप्प्याने सांगता येते. चरित्रकार ते सांगतो, वाचक ते ध्यानात ठेवतो. एका ओळखीचा इतका नीट हिशेब आपल्या वाङ्मयात थोडाच सापडेल.

पण त्याच माळावर, निवडुंगांच्या आणि सापांच्या सोबतीने पहिली बिऱ्हाडे थाटली गेली, तेथे दुसरे एक जाळे विणले जात होतेच. बेळगावातील कारागीर आपला जमलेला संसार मोडून एका ओसाड स्टेशनाजवळ राहावयास कसे तयार झाले? मालकाच्या शब्दावर, असे उत्तर मिळते. ते अर्धे खरे असावे. कुटुंब हलते तेव्हा कुटुंबातील स्त्रीने हो म्हटलेले असते, किंवा निदान नाही म्हणावयाचे टाळलेले असते. पाणी कोठून आणावयाचे, बाळंतपण कोणी करावयाचे, कोणाच्या घरी कोण जेवावयाचे, हे प्रश्न कुणीतरी कुणाशीतरी बोलून सोडवलेले असतात. शंभो जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी वाडीच्या उभारणीतील नावे आपणांस पाठ आहेत. त्यांच्या घरांतली नावे आपणांस येत नाहीत. चरित्रात स्त्री येते ती ‘खंबीर साथ’ या दोन शब्दांत. पुरुषाची ओळख ही त्याची कर्तबगारी. स्त्रीने जोडलेली माणसे हा तिचा स्वभाव. कर्तबगारीचा तपशील लिहितात, स्वभावाचे कौतुक करतात. कौतुकाने रकाना भरत नाही.

येथे एक विरोधाभास नोंदवणे भाग आहे. ज्या किर्लोस्करवाडीच्या कथेत हा रकाना कोरा आहे, तेथेच मराठी स्त्रीजीवनाला वळण देणारे मासिक जन्माला आले. १९२० साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात कारखान्याची, त्याच्या मालाची व गिऱ्हाइकांशी संबंध राखण्याची पत्रिका. नांगर घेणारा शेतकरी, विकणारा एजंट आणि बनवणारा कारखाना यांना जोडणारे ते छापील जाळेच होते. तिचे पुढे ‘किर्लोस्कर’ झाले आणि १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले. शं. वा. किर्लोस्करांची ही दूरदृष्टी वादातीत आहे, आणि ‘शंवाकीय’ वाचणाऱ्यास तिची ओळख आहे. तरीही उद्योग एका मासिकात आणि स्त्री दुसऱ्या मासिकात, अशी ही वाटणी सूचक वाटते. एकाच छापखान्यातून निघालेल्या या दोन मासिकांच्या मधली भिंत पुढे आमच्या चरित्रवाङ्मयातही उभी राहिली.

भिंत अपरिहार्य होती असे कोणी म्हणेल, काळच तसा होता असेही म्हणेल. ते मान्य करण्यास आमची एक अडचण आहे, आणि तिचे नाव पंडिता रमाबाई. किर्लोस्करवाडीच्या एकवीस वर्षे आधी, १८८९ साली, रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. प्रवासवर्णन म्हणून त्याची नोंद वाङ्मयेतिहासात होते. आम्ही ते आणखी एका अर्थाने वाचतो. परमुलखात गेलेल्या व्यक्तीने तेथे माणसे कशी जोडली जातात, संस्था कशा उभ्या राहतात, वर्गणी कशी जमते, सभा कशी चालते, याचे इतके डोळस निरीक्षण मराठीत त्याआधी झाले नसावे. स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेपासून त्यांच्या मंडळांपर्यंत रमाबाई जे पाहतात ते कारभाऱ्याच्या नजरेने पाहतात. स्त्रियांचे एकत्र येणे त्यांच्या लेखी माया-ममतेपुरते उरत नाही. तिला नियम आहेत, हिशेब आहेत, पदाधिकारी आहेत.

रमाबाई अमेरिकेत पोचल्या त्याही एका स्त्रीच्या धाग्याने. दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळणार होती, त्या समारंभासाठी १८८६ साली रमाबाई इंग्लंडहून तिकडे गेल्या. आनंदीबाईंना अमेरिकेत आसरा मिळाला तोही न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे, एका मासिकातील पत्रव्यवहार वाचून त्या बाईंनी आपण होऊन लिहिलेल्या पत्रामुळे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी रमाबाईंच्या १८८७ सालच्या इंग्रजी पुस्तकास प्रस्तावना लिहिली. पुस्तकाच्या विक्रीतून पैसा उभा राहिला, गावोगाव रमाबाई मंडळे निघाली, त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. शाळा म्हणजे उद्योग नव्हे, असा आक्षेप येईल. ज्या संस्थेने पुढे केडगावी छापखाना, माग, शेती आणि गुरे सांभाळली, तिला उद्योग म्हणावयाचे नसेल तर त्या शब्दाचा अर्थच तपासावा लागेल.

या कथेतील खरी बोचणारी गोष्ट पुढे आहे. समुद्रापलीकडचे जाळे टिकले, घरचे तुटले. सदन १८९० साली पुण्यास आले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. या वादात कोणाची बाजू किती खरी याचा निवाडा येथे करावयाचा नाही. दोन्ही बाजूंस त्यांची कारणे होती. परंतु स्त्रीने बाहेर माणसे जोडली तर घरच्या माणसांकडे तिला खुलासा द्यावा लागतो, आणि धर्म, जात, अब्रू ही त्या खुलाशाची भाषा असते, हे या प्रकरणात लख्ख दिसते. औंधच्या राजाशी स्नेह जोडल्याबद्दल लक्ष्मणरावांना कोणी जाब विचारला नाही. मराठी स्त्रीच्या जोडलेल्या माणसांचा जमाखर्च स्वतः स्त्रीने मांडलेला ग्रंथ १८८९ पासून आपल्यापाशी होता. आपण तो प्रवासवर्णनांच्या कपाटात ठेवला, आणि उद्योगचरित्रे लिहिणाऱ्यांनी ते कपाट उघडले नाही.

पाश्चात्त्य विद्वान याहून फार पुढे गेले आहेत असे मात्र कोणी समजू नये. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ सालचा प्रसिद्ध निबंध सांगतो की जवळच्या नात्यांपेक्षा तोंडओळखीची माणसेच नवी माहिती व नवी संधी आणून देतात, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. सिद्धान्त सुरेख आहे. पण त्यामागची नोकरी शोधणाऱ्यांची जी पाहणी होती, ती अमेरिकेतील एका उपनगरातील पुरुषांची होती. तोंडओळख वाढवावयास मोकळी संध्याकाळ लागते. ती कोणाला मिळते हा प्रश्न त्या निबंधाने विचारला नाही. पुढे रोनाल्ड बर्ट यांनी कंपन्यांतील स्त्री-अधिकाऱ्यांचा अभ्यास करून दाखवले की बाहेरच्या समजल्या जाणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओळखीपेक्षा वरच्या कुणाच्या तरी उसन्या ओळखीवर पुढे जावे लागते. हे मात्र आम्हांस फार ओळखीचे वाटले. नोकरीच्या काळात लहान उद्योगांचे अर्ज डोळ्यांखालून गेले. अर्जदार बाई, अर्जावर पतीचे नाव, सोबत दिराची शिफारस, आणि साहेबांसमोर बोलावयास आलेला भाऊ. बाईंची पत बाईंच्या नावे नसे.

अॅनाली सॅक्सेनियन यांनी सिलिकॉन व्हॅलीतील भारतीय व चिनी उद्योजकांवर केलेले काम तर परदेशस्थ आणि मायदेशी उद्योजकांच्या संबंधांवरचे पायाभूत काम मानले जाते. १९९२ साली तेथे निघालेल्या ‘टाय’ या भारतीयांच्या संघटनेने नव्या माणसाला जुन्याच्या पंखाखाली घेण्याची रीत कशी घातली, आणि ती माणसे पुढे बेंगळूरू, हैदराबादशी कशी जोडली गेली, हे त्यांनी दाखवले. २००६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी या फिरत्या उद्योजकांना ग्रीक पुराणातील आर्गोनॉटांची उपमा दिली. सोनेरी लोकर आणावयास निघालेले ते गलबत, एखाद्या कथेतील अटलांटेचा अपवाद सोडला तर, पुरुषांनीच भरलेले होते. उपमा देणारी लेखिका स्त्री आहे, म्हणून हे अधिकच जाणवते.

वर साडू या शब्दाविषयी लिहिले, त्याचे आधुनिक काळातील सर्वांत ठळक उदाहरण आमच्याच मुलखाशेजारचे आहे. हुबळीच्या डॉ. कुलकर्णी यांच्या कन्या सुधा आणि जयश्री. एकीचे पती नारायण मूर्ती, ज्यांनी सहकाऱ्यांसह १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू केली. दुसरीचे पती गुरुराज देशपांडे, ज्यांनी अमेरिकेत कॅस्केड आणि सिकॅमोर या कंपन्या उभारल्या. बंधू श्रीनिवास हे जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ, जन्म कुरुंदवाडचा, म्हणजे आमच्या बोरगावच्या पंचक्रोशीपलीकडचाच. मायदेशातील आणि परदेशातील भारतीय उद्योगाची दोन ठळक नावे परस्परांचे साडू आहेत. त्यांचा धंदा एकमेकांमुळे वाढला असे आमचे बिलकूल म्हणणे नाही. तसा पुरावा नाही आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. आमचे कुतूहल वेगळे आहे. ही कथा सांगताना बहिणी कोठे येतात?

लीना सोहोनी यांच्या अनुवादांमुळे सुधा मूर्ती मराठी वाचकाला घरच्याच झाल्या आहेत. टेल्कोत स्त्रियांना अभियंता म्हणून घेत नाहीत हे पाहून जे. आर. डी. टाटांना थेट पोस्टकार्ड लिहिणारी ही तरुणी. तोंडओळखही नसलेल्या माणसाकडे एका कार्डावर शब्द टाकण्याचे असे धाडस उद्योगचरित्रांतील किती पुरुषांनी केले असेल? त्याच बाईंनी इन्फोसिससाठी आपल्या बचतीतील दहा हजार रुपये दिले, आणि नवरा-बायको दोघांपैकी एकानेच कंपनीत असावे या पतीच्या आग्रहाखातर त्या बाहेर राहिल्या. हा प्रसंग सभासमारंभांत शेकडो वेळा सांगितला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी टाळ्या त्यागाला मिळतात. सांगणाऱ्या बाईंचाही सूर बहुधा तोच असतो, हे नमूद केले पाहिजे. पहिल्या गुंतवणूकदाराचे शहाणपण म्हणून त्या दहा हजारांकडे कोणी पाहत नाही. १९९६ साली इन्फोसिस फाउंडेशन निघाले, तेव्हा तेथे मात्र त्यांचे नाव आले. २००२ साली एम.आय.टी.त निघालेले देशपांडे सेंटर जयश्री आणि गुरुराज या दोघांच्या देणगीचे. धर्मादायाच्या पाटीवर दोन नावे, कंपनीच्या पाटीवर एक : सुशिक्षित, सुधारलेल्या घरांतसुद्धा संस्कृती ही अशी हळुवार हाताने वाटणी करते.

सुधाबाईंच्याच ‘डॉलर बहू’ या मूळ कन्नड कादंबरीचे नाव या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. डॉलर मिळवतो मुलगा, विशेषण मात्र सुनेला. परदेशच्या पैशाने घरातील नाती कशी विस्कटतात हे कादंबरी प्रभावीपणे सांगते. सासूचा भ्रमनिरास मनाला भिडतो. पण अमेरिकेतील स्त्री स्वतः काही व्यवहार करू शकते, माणसे जोडून काही उभारू शकते, ही शक्यता तिच्या कक्षेत येत नाही.

ती शक्यता कायद्यानेच आवळून धरली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. संगणकतज्ज्ञ नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेलेल्या शिकल्यासवरल्या मराठी मुली एच-४ व्हिसावर असत. २०१५ सालच्या मे महिन्यापर्यंत या व्हिसावर नोकरी करण्यास मज्जाव होता. त्यानंतरही मुभा मिळाली ती काही अटींवर, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. म्हणजे ज्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडओळखी वाढत होत्या, त्या वर्षांत बायकोला कमाईचे दार बंद होते. मग तिने काय केले? मराठी शाळा चालवली, मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसांचा स्वयंपाक उभा केला, नव्याने आलेल्या बाळंतिणीला डबा पोचवला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. त्यांच्या अध्यक्षपदीही स्त्रिया आल्या आहेत. पण मंडळांविषयीच्या लेखनात उद्योजक मेळावा हा ‘नेटवर्किंग’ आणि स्वयंपाकघर ही ‘सेवा’, असा भेद कायम दिसतो. वास्तविक नव्या शहरात घर कोठे घ्यावे, कोणता डॉक्टर बरा, कोणाच्या कंपनीत जागा आहे ही बातमी त्या स्वयंपाकघरात आधी पोचते.

आणि याच वाटेने एक सबंध धंदा उभा राहिला आहे, दिवाळीच्या फराळाचा. पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-बेळगावपर्यंत स्त्रियांनी केलेल्या चकल्या-करंज्यांचे खोके दसऱ्याच्या आगेमागे परदेशी रवाना होतात. मागणी कशी येते? मुलीच्या मैत्रिणीकडून, नणंदेच्या शेजारणीकडून. मायदेशातील व परदेशातील उद्योजक परस्परांशी कसे जोडले जातात यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी या खोक्यांवरचे पत्ते वाचावेत.

स्त्रियांची ही जाळी म्हणजे काही पुण्यक्षेत्र आहे, असा गैरसमज मात्र होऊ नये. हळदीकुंकवाच्या आमंत्रणात विधवा नसे, पुष्कळदा परजातीची नसे. भिशीत गरिबाला जागा नसते, कारण हप्ता चुकण्याची भीती. परदेशातल्या मंडळांतही आडनाव पाहून ताट वाढले जात नाही असे छातीठोकपणे कोण सांगेल? ज्या विधवेला कुठल्याच जाळ्यात जागा नव्हती, तिच्यासाठी रमाबाईंना नवे जाळे सातासमुद्रापलीकडून विणून आणावे लागले, ते याच कारणाने. हे दोषही लिहिले गेले पाहिजेत. पण जे मुळात नोंदलेच नाही त्याचे दोष तरी कसे तपासणार?

आमच्या सीमाभागापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बोरगाव कर्नाटकात, इचलकरंजी महाराष्ट्रात. मधे थोड्याच मैलांचे अंतर आणि १९५६ साली पडलेली रेघ. पुरुषांच्या संस्था रेघ पाळतात : सोसायटीची नोंदणी एका राज्यात, अनुदान एका राज्याचे, कागद एका भाषेत. रोटी-बेटीचा व्यवहार रेघ पाळत नाही. माहेर पलीकडे आणि सासर अलीकडे असलेल्या बायकांच्या येण्याजाण्यातून शिलाईचे काम, मागाच्या कापडाची बातमी, उसने पैसे रोज सीमा ओलांडतात. कर्नाटक शासनाच्या २०००-०१ सालापासूनच्या स्त्रीशक्ती योजनेतून बचत गट निघाले, त्यांचे अहवाल लिहिले गेले. अहवालात या बायका ‘लाभार्थी’ असतात. उद्योजक हा शब्द त्यांच्यासाठी वापरलेला क्वचितच दिसतो, आणि आमच्या साहित्यिकांनीही तो त्यांना दिलेला नाही.

असा शब्द देणारी एक कलाकृती निपाणीने पाहिली आहे. निपाणी म्हटले की १९८१ चे शरद जोशींच्या नेतृत्वाखालील तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आठवते, आणि आठवावेच. त्याच सुमारास निपाणीच्या वखारींतील हजारो तंबाखू कामगार स्त्रिया संघटित होत होत्या. दीपा धनराज व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट केला. यात स्त्रिया एकमेकींपर्यंत कशा पोचतात, भीती कशी मोडते, निरोप कसा फिरतो, हेच कथानक आहे. औंधच्या मंडपाचा प्रसंग ज्या तपशिलाने चरित्रात येतो, त्या तोडीचा तपशील येथे वखारीतल्या बायकांच्या एकजुटीला मिळाला आहे. बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपटसंस्थेने या गटाच्या चित्रपटांचे जतन केले. आमच्या पट्ट्यातील किती वाचनालयांत या चित्रपटाचे नाव ठाऊक असेल, याची शंकाच आहे. तो कामगारांचा चित्रपट आहे, उद्योजकांचा नव्हे, हे खरे. पण माणसे जोडण्याचे काम कसे लिहावे याचा धडा तेथून घेता येतो.

आता अथणीचे पाहू. कोल्हापुरी चप्पल म्हणून जी जगभर जाते ती या जिल्ह्यातील अथणीतही बनते, निपाणीकडेही बनते. २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन म्हणूनच महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. तळ कापणे, ठोकणे हे पुरुषांचे काम. वरच्या पट्ट्यांची नाजूक वेणी घालणे, शिवणे हे पुष्कळसे स्त्रियांचे. बाजार, कातडे आणि पैसा पुरुषांच्या हाती. गेल्या शतकाच्या अखेरीस बेंगळूरूच्या ‘असेंट’ या संस्थेच्या मधुरा छत्रपती यांनी अथणीत चर्मकार स्त्रियांचे गट बांधले आणि त्यातून ‘टोहोल्ड’ हा कारागिरांचा उपक्रम उभा राहिला. माल परदेशी गेला. येथे स्त्री प्रथमच वेणीपासून गिऱ्हाइकापर्यंतच्या वाटेवर आली. रमाबाईंच्या मंडळांची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे, आणि तिच्यावर मराठीत एक चांगले पुस्तक नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पादत्राणे नावगाव न सांगता मांडली, तेव्हा आपल्याकडे गहजब झाला. चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, कंपनीची माणसे कोल्हापूरला येऊन गेली. अग्रलेख आले, कोल्हापूरची अस्मिता आली, शाहू महाराजांच्या आश्रयाचा इतिहास आला. आम्ही ते लेख वाचले. अथणीचे नाव थोडे आले, निपाणीचे त्याहून थोडे. आणि वेणी कोण घालते याचा उल्लेख शोधूनच काढावा लागला.